चार वाजताचा मेंढीकोट

९ जून, रविवार

डॉक्टरांनी रोजची साखर वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे. साखर लिहायची लाज वाटते, म्हणून बाकीचं लिहितो.

आमच्या चर्चचे पाळक साहेब अकोल्याला गेले होते. त्यामुळे आज उपासनेत संदेश द्यायचं काम मंडळीतला निवडलेला ज्येष्ठ, म्हणजे 'वडील', म्हणून माझ्याकडे आलं. विषय, ख्रिस्ती माणसाची मोकळीक. तहसील कचेरीत तेहतीस वर्षं टिपण्या लिहिल्याचा हा फायदा, की मुद्दे कधी कमी पडत नाहीत. मी सांगितलं, आपण नियमांच्या दावणीला बांधलेलो नाही. काय खावं, कोणता वार पाळावा, यावरून कोणी आपली परीक्षा घेऊ नये. ही मोकळीक दुसऱ्याला सांभाळून वापरावी, असाही शेवटी एक मुद्दा होता. पण तोवर बारा वाजले आणि लोक पायांनी चपला चाचपू लागले. तो राहिला.

घरी येताना वच्छला म्हणाली, "चांगलं बोलले."

"कोणता भाग?"

"आवाज चांगला लागला होता."

बायको असावी तर अशी. माणूस फार फुगत नाही.

चार वाजता मुन्ना टेलरच्या ओट्यावर. मी, इंद्रभान, मुन्ना आणि हिरामण पोस्टमन. आमचा पत्त्यांचा डाव, मेंढीकोट, एकोणीस वर्षांचा आहे. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या तिचा डाव. चारही ओढल्या तर कोट, आणि ज्यांच्यावर कोट चढला त्यांनी चहा सांगायचा. पैशाचं नाव नाही. इंद्रभान माझा भिडू. तो रिठदचा. शेती त्याचा मुलगा हरीओम पाहतो. चार वर्षांपूर्वी त्याची रुख्मिणी गेली, तेव्हापासून तो रोज दुपारच्या बसनं वाशीमला येतो आणि सहाच्या बसनं परत जातो. बाजारात काम आहे म्हणतो. रोज कोणतं काम निघतं, देव जाणे.

१३ जून, गुरुवार

आज ओट्यावर फुलसिंग आला. फुलसिंग आमच्या मंडळीतला, मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा, आता वाशीमला बाजार समितीत हमाली करतो. मुलीचा, राखीचा, शाळेचा ड्रेस सैल करायला आणला होता. मी नेमका त्याच वेळी इस्पिकची दश्शी उचलून ओट्यावर आपटली आणि "घे लेका!" असं ओरडलो. वर पाहिलं तर फुलसिंग.

दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की झन्नामन्नाच्या जुगारानं त्याची दहा वर्षं खाल्ली आणि यापुढे तो पत्त्याला हात लावणार नाही. ते ऐकून रडणाऱ्यांत मी पहिला होतो.

तो म्हणाला, "काका, तुमीबी?"

मी त्याला नीट समजावलं. जुगार वेगळा, खेळ वेगळा. पत्ते म्हणजे कागद. पाप कागदात नसतं, माणसाच्या मनात असतं. रविवारच्याच संदेशातली दोन वाक्यं पुन्हा वापरली. त्यानं ऐकून घेतलं. ड्रेस तयार होईपर्यंत तो खांबाला टेकून उभा होता आणि आमचे पत्ते पाहत होता.

१८ जून, मंगळवार

हिरामण मुलीकडे पुण्याला गेला आहे, महिनाभर. आम्ही तीन उरलो. तिघांत मेंढीकोट होत नाही. इंद्रभान तोंड पाडून बसला होता. तेवढ्यात फुलसिंग आला. ड्रेसची बटणं राहिली होती म्हणे.

मीच म्हटलं, "बस ना एक डाव."

"मी बसू?"

"काही होत नाही. मी आहे ना."

पोरगं काय खेळतं! पोरगं म्हणजे पंचेचाळीसचा असेल. कोणते पत्ते पडून गेले, कोणाजवळ काय उरलं, सगळं डोक्यात. इंद्रभाननं मुन्नाला भिडू घेतलं, मी फुलसिंगला. पहिल्याच दिवशी कोट. इंद्रभानवर कोट चढवण्याचा आनंद मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता, कारण तो नेहमी माझ्याच बाजूला असायचा.

२५ जून, मंगळवार

आठ दिवसांत सहा कोट. फुलसिंग पाचच्या ठोक्याला हजर असतो, म्हणून आम्हीही डाव पाचला सुरू करतो आणि इंद्रभान सातची बस धरतो. मला वाटतं, आमच्या संगतीत त्याची जुनी भीती निघून गेली. याला म्हणतात मोकळीक.

वच्छलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "धनीबाईले माहीत हाय का?"

धनीबाई म्हणजे फुलसिंगची बायको. मी म्हटलं, यात तिला माहीत असण्यासारखं काय आहे?

वच्छलानं मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.

२८ जून, शुक्रवार

फुलसिंग आला नाही. काल पण नाही. डावाचा विचका झाला. माणसानं येणार नसेल तर निरोप द्यावा.

३० जून, रविवार

फुलसिंग उपासनेलाही नव्हता. दुपारी धनीबाई घरी आली. वच्छलानं पाट दिला, ती बसली नाही. दारातच उभी राहून बोलली.

"काका, चार दिवस झाले, घरी नाही आला. मंगरूळपीरच्या तिकडं कोण्या वावरात डाव बसते, तिथं हाय. माह्या पायातले चांदीचे वाळे नेले त्यानं."

मी म्हटलं, "पण तो तर सुटला होता यातून."

"सुटला होता. दोन वर्षं सुटला होता. मंग एक दिवस घरी येऊन म्हणते, वडील बसतात तं मी काहून नाही बसाचं? वडील म्हणतात काही होत नाही."

वडील म्हणजे मी.

मग तिनं वच्छलाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "भाभी, तुमच्या घरी शिकले-सवरले लोक हायेत. तुमच्या लोकाईले माहीत नसते का?"

ती गेल्यावर मी तासभर शास्त्र उघडून बसलो. एकाच्या निवडीला दुसरा किती जबाबदार, यावर काही सोयीचं सापडतं का पाहत होतो. जे सापडलं ते सोयीचं नव्हतं. माझ्या संदेशात वेळेअभावी राहिलेला मुद्दा तोच होता, मोकळीक दुसऱ्याला सांभाळून वापरण्याचा. तोही प्रेषितानं एका ओळीत उरकला नव्हता, अख्खे अध्याय त्यावर घातले होते.

१ जुलै, सोमवार

सकाळी इंद्रभानला फोन केला. वाटलं होतं, म्हणेल की तुमच्या मंडळीचं तुम्ही पाहा. तो पहिल्या बसनं आला. मुन्नाची मोटारसायकल घेतली, चालवायला इंद्रभान, मागे मी.

मंगरूळपीरच्या अलीकडे एका वावरात टिनाचा गोठा. बाहेर दहा-बारा गाड्या, आत ताडपत्रीवर माणसं. फुलसिंग आमच्याकडे पाठ करून बसला होता. अंगात शर्ट आमच्या शेवटच्या डावाच्या दिवशीचाच.

मी त्याच्या मागे उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. वही माझी आहे, म्हणून खरं लिहितो. जवळजवळ दहा मिनिटं मी हाक मारली नाही, कारण पुढचा पत्ता कोणता पडतो ते मलाही पाहायचं होतं.

शेवटी इंद्रभाननंच त्याचा दंड धरला. "चाल, उठ."

बाहेर बांधावर आणून बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. मी म्हटलं, "फुलसिंग, असं काहून केलं?"

त्यानं बाटली रिकामी केली. मग म्हणाला, "काका, तुमी बसता अन् सातले उठून घरी जेवाले जाता. मले उठता येत नाही. मी उठाले पाह्यतो, पाय उठत नाहीत."

"मग पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं."

"तुमाले नाही म्हणू? तुमी वडील. तुमी म्हणाले, मी आहे ना."

इंद्रभान म्हणाला, "चाल, घरी चाल. धनीबाई वाट पाहून राह्यली." एका मोटारसायकलवर तिघं आलो. मधे फुलसिंग. सबंध रस्ताभर मी त्याला घट्ट धरून बसलो.

७ जुलै, रविवार

निश्चय केला. पत्ते बंद. आयुष्यभर. घरातला पत्त्यांचा जोड चुलीत घातला. गॅसवर जळेना, म्हणून शेजारणीच्या चुलीत.

आज उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो. पंधरा मिनिटं बोललो. एकोणीस वर्षांचा आनंद मी एका दुबळ्या भावासाठी कसा सोडला, हे सांगताना मी दोनदा रुमाल काढला. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. पाळक साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि तरुणांना म्हणाले, असा त्याग शिका. बऱ्याच दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

फुलसिंग मधेच उठून बाहेर गेला. बहुधा पाणी प्यायला.

८ जुलै, सोमवार

पाणी प्यायला नव्हे.

सकाळी मी वच्छलाला विचारलं, कालची साक्ष कशी झाली? ती पोळी लाटत होती. म्हणाली, "तुमी दुबळा भाऊ म्हणाले, तवा सगळी मंडळी मागं वळून त्याच्याकडे पाहून राह्यली होती. राखी बाजूले बसली होती त्याच्या."

"मी नाव नाही घेतलं."

"नाव कायले घ्या लागते? वाशीम केवढं हाय?" मग पोळी उलटवून म्हणाली, "सोडलं थोडं अन् सांगितलं लय."

मी न्याहारी केली नाही. (अकरा वाजता केली.)

१० जुलै, बुधवार

बाजार समितीत गेलो. फुलसिंग ट्रकमधून हरभऱ्याची पोती उतरवत होता. मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही. मी ट्रकजवळ उभा. चार पोती झाल्यावर पाचवं त्यानं माझ्या पायाशी टाकलं.

"दुबळा ना मी? उचला."

बाकीचे हमाल थांबले. मी वाकलो. पोतं जागचं हललं नाही, कमरेतून मात्र काहीतरी हललं. अर्धा वाकलेला राहिलो. कोणी हसलं नाही, हे फारच वाईट वाटलं. शेवटी फुलसिंगनंच मला सरळ केलं आणि पोत्यावर बसवलं.

मी म्हटलं, "चुकलं माझं. आधी बसवलं ते चुकलं, मग उभं राहून सांगितलं ते चुकलं."

"पत्ते सोडले ते बरं केलं," तो म्हणाला. "पण ते मले सांगाचं होतं. लोकाईले कायले सांगितलं? राखी घरी येऊन विचारते, बाबा, तुमी दुबळे हाय का?"

तेहतीस वर्षांच्या टिपण्यांत असा प्रश्न आला नव्हता. मी एवढंच विचारलं, "आता मी काय करू? तूच सांग."

असं मी त्याला पहिल्यांदाच विचारलं. आतापर्यंत मीच सांगत होतो.

तो विचार करून म्हणाला, "पाचले काम सुटते. पाच ते सात लय खराब. ते लोक रस्त्यात भेटतात. त्या टायमाले मले कुठंतरी बसाचं असते."

"माझ्याकडे ये."

१९ जुलै, शुक्रवार

फुलसिंग रोज पाचला येतो. आम्ही समोरासमोर बसतो. एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही कळत नाही. मी प्रार्थना करतो, ती जास्तीत जास्त सहा मिनिटं चालते. उरतात एक तास चौपन्न मिनिटं. वच्छलानं त्याच्यापुढे शेंगा फोडायला ठेवल्या. तो दोन्ही हातांनी फोडतो, मी खातो.

आज बसस्टँडवर इंद्रभान भेटला. त्या मोटारसायकलच्या दिवसानंतर मी त्याला टाळतच होतो. हिरामण परत आला आहे. म्हणजे त्यांनी माझ्या जागी कोणीतरी बसवला असणार. कोण, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

तो म्हणाला, "तुह्या देवाले माहाच भिडू भेटला का न्याले?"

मी त्याला कारण सांगू लागलो. त्यानं हात वर केला. "मले मालूम हाय. मीच आणला ना त्याले गोठ्यातून? पत्ते सोडले तं सोडले. पण ओट्यावर याचं काहून सोडलं? मी काय पत्त्यासाठी येतो का एवढ्या दुरून?"

बस लागली. तो चढला. मग कशासाठी येतो, ते काही त्यानं सांगितलं नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

वच्छलानं आज दोघांनाही घराबाहेर काढलं. "फोटोसारखे बसता माह्या घरात. हवा खाऊन या." फुलसिंग म्हणाला, मुन्नाच्या दुकानी जाऊ, राखीचा ड्रेस पुन्हा घट्ट झाला आहे. मला धसकाच बसला. तिथं डाव मांडलेला असणार. वाटेत दोनदा रस्ता बदलायचा प्रयत्न केला. फुलसिंग म्हणाला, "काका, मले दुकान माहीत हाय."

ओट्यावर तिघं बसले होते. मधे चहाचे कप. पत्ते नाहीत.

मी मुन्नाला बाजूला घेऊन विचारलं, आम्हाला पाहून लपवले का?

"कायके लपवणार शांतवनभाऊ, पत्तेच बंद हायेत. महिना झाला. तुमी गोठ्यातून आले ना, त्याच संध्याकाळी इंद्रभानभाऊनं जोड उचलला, नाल्यात टाकला. बोले, हा माणूस उद्या परवा इकडंच येईन, रस्ता त्याचा हाच हाय."

"मग कोणी मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगाचं काय?"

मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण आधी थोडा राग आला. मी जी गोष्ट सोडायला शास्त्राचे अध्याय, एक मोडकळीला आलेला संसार आणि पंधरा मिनिटांची साक्ष घेतली, ती या माणसानं बसकडे जाता जाता एका फटक्यात सोडली होती. आणि महिनाभर मी त्यांच्या डावाचा हेवा करत होतो, जो नव्हताच.

इंद्रभान फुलसिंगला म्हणाला, "ये बस. तुरीचा भाव काय निघाला आज?"

त्या भावावर त्यांचं पाऊण तास भांडण चाललं. मी एका कडेला बसलो होतो. कोणी माझं मत विचारलं नाही. बऱ्याच वेळानं इंद्रभान आपल्या रुख्मिणीबद्दल काहीतरी सांगू लागला, तुरीच्या डाळीवरून. एकोणीस वर्षांत तो माझ्याजवळ तिच्याबद्दल बोलला नव्हता. आम्ही फक्त हुकूम कोणता, एवढंच बोलत आलो.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

परवापासून फुलसिंगचा चेहरा उतरला होता. पोळ्याला जिकडेतिकडे डाव बसतात. तांड्यावरून दोघं त्याला न्यायला येऊन गेले. सकाळी सातलाच तो घरी आला. "काका, आज पाच ते सात नाही. आज पूरा दिवस."

मी इंद्रभानला फोन लावला. तो म्हणाला, "रिठदले घेऊन ये. बैल धुवाले माणूस पाह्यजेच."

बसमध्ये फुलसिंगनं विचारलं, "काका, पोळा आपल्याले चालते का? बैलाची पूजा असते ना?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, तीन मुद्द्यांसह. जीभ दातांखाली धरली. "तुला काय वाटतं?"

"बैल धुवाले काय होते? पण पूजेच्या टायमाले मी मागं उभा राहीन. अन् निवदाचं नाही खाणार. मले जमत नाही ते."

मी गेली कित्येक वर्षं पोळ्याला इंद्रभानच्या घरची नैवेद्याची पुरणपोळी आनंदानं खात आलो आहे. माझं मन त्यात अडकत नाही. आजही अडकलं नसतं. पण फुलसिंगशेजारी बसून मी ती कशी खाणार? रिठद येईपर्यंत मी वेलदोड्याचा वास मनातून काढायचा प्रयत्न करत होतो. पैलतीराच्या आशेनं माणसं मोठमोठ्या गोष्टी सोडतात. मला एक पोळी जड जात होती.

नाल्यावर हरीओमबरोबर आम्ही बैल धुतले. शिंगांना रंग लावला, बेगड चिकटवली. गावभरचे बैल जमतात त्या तोरणाकडे जाताना वाटेत पाराच्या मागे डाव बसलेला दिसला. कोणीतरी हाक मारली, "अबे फुलसिंग!" तो थांबला. मी पाहिलं, त्याची बोटं हलू लागली होती. मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्याआधी इंद्रभाननं मोठ्या बैलाची दोरी त्याच्या हातात दिली. "दोन्ही हातानं धर. लय मस्तीत हाय हा. सोडू नको." बैल खरंच मस्तीत होता. फुलसिंगला मागे वळून पाहायला सवड मिळाली नाही. तोरणाखाली दोन तास तो त्या दोरीला लोंबकळत होता.

पूजेच्या वेळी तो मागे उभा राहिला. मीही त्याच्याजवळ उभा राहिलो. कोणी काही विचारलं नाही.

मग पंगत. मी आधीच जाहीर करणार होतो, की वर्षाराणी, मला फक्त वरण-भात. चेहरा त्यागाचा करून ठेवला होता. वर्षाराणी म्हणजे हरीओमची बायको. ती वेगळंच झाकलेलं पातेलं घेऊन आली आणि आमच्या दोघांच्या ताटात पुरणपोळ्या वाढू लागली. फुलसिंगनं हात आडवा धरला.

ती म्हणाली, "खा भाऊ. हे निवदाच्या आधीचं हाय. बाबानं फोन ठेवला अन् लगेच काढून ठेवाले लावलं होतं."

मी इंद्रभानकडे पाहिलं. तो भातावर वरण ओतून घेत होता. मी विचारलं, "तुला कसं सुचलं रे?"

"काय सुचाचं त्यात?" तो म्हणाला. "पाहुणा जे खात नाही, ते त्याले वाढत नसतात."

फुलसिंगनं दोन पोळ्या खाल्ल्या. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही, वही डॉक्टरांना दाखवायची आहे.

सहाच्या आत त्याला घरी पोचवलं. धनीबाई दारात उभी होती. उभी कधीपासून होती कोणास ठाऊक. पुढे येऊन तिनं त्याचे हात हातात घेतले आणि तळवे उलटून पाहिले. दोरीनं कातडी सोलून निघाली होती.

"काय करून राह्यला होता दिवसभर?"

"बैल धरला होता," फुलसिंग म्हणाला.